कीटकांचे शस्त्र, जीवाणूंचे शस्त्र

अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांची पाठ किंवा मधुमेहींचा पाय चिघळू लागला की घरात दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, मध लावा. दुसरा म्हणतो, कपाटातली पावडर भुरभुरा. मध हे कीटकाचे देणे, तर अशा पावडरींतील पॉलिमिक्सिन आणि बॅसिट्रॅसिन ही जीवाणूंची. जंतूंना मारणारी पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, दोन्हीकडे आढळतात.

कीटकांच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात. जंतू शिरताच काही तासांत ते अशी पेप्टाइडे तयार करतात. बहुतेकांवर धन विद्युतभार असतो, तर जंतूंच्या आवरणावर ऋण. म्हणून ती तेथे चिकटतात आणि आवरणाला छिद्रे पाडतात. स्वीडनच्या हान्स बोमन यांच्या गटाने 1981 मध्ये एका पतंगाच्या कोशातील अशा ‘सेक्रोपिन’ची रचना उलगडली. मधमाशीचे ‘डिफेन्सिन’ मधातही सापडते.

जीवाणू मात्र हे शस्त्र शेजारच्या जीवाणूंशी झगडताना वापरतात. दुधात वाढणाऱ्या एका जीवाणूचे ‘निसिन’ चीज टिकवण्यासाठी वापरले जाते. मातीतील जीवाणूपासून 1947 मध्ये पॉलिमिक्सिन मिळाले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या अतिक्षारीय पाण्यातील जीवाणूही संशोधकांनी अभ्यासले आहेत. त्यांतील काही इतर जंतूंची वाढ रोखतात. मात्र प्रयोगशाळेतील निष्कर्ष म्हणजे औषध नव्हे. सरोवराचे पाणी जखमेवर लावू नये.

मग श्रेष्ठ कोण? सेक्रोपिनसारखी पेप्टाइडे शरीरातील पाचक द्रव्यांनी लवकर तुटतात. मधमाशीच्या विषातील ‘मेलिटिन’ तर आपल्या रक्तपेशीही फोडते. जीवाणूंची अनेक पेप्टाइडे वलयाकार, म्हणून टिकाऊ असतात. औषधांच्या दुकानात तीच अधिक पोहोचली. पण तीही निर्धोक नाहीत. पॉलिमिक्सिनच्या कुळातील ‘कोलिस्टिन’ हे इतर औषधे हरल्यावर वापरायचे राखीव शस्त्र. त्याने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ते बोथट होऊ नये म्हणून भारत सरकारने 2019 मध्ये कोंबड्या व इतर खाद्यप्राण्यांसाठी त्याचा वापर बंद केला.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे. दवाखान्यात जखमेसाठी वापरला जाणारा मध निर्जंतुक केलेला असतो. स्वयंपाकघरातील बरणीतला नसतो. पावडर दिवसेंदिवस मनाने वापरू नये; तिची ॲलर्जीही येते. जखमेभोवती लाली, सूज, दुर्गंधी किंवा काळेपणा दिसल्यास, ताप आल्यास किंवा वृद्ध व्यक्ती अचानक असंबद्ध बोलू लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. पूर्वीच्या आजारातील उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या देऊ नयेत. मधुमेहींचे पाय रोज संध्याकाळी उजेडात, तळव्यांसह पाहावेत. जखम लहान असतानाच दिसली, तर राखीव शस्त्र बाहेर काढण्याची वेळ सहसा येत नाही.