सेवा की वेठ?

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांस विद्यावेतन द्या, असे कोणी म्हणताच एक ठरीव उत्तर तोंडावर फेकले जाते : सेवेला मोल नसते! वाक्य मोठे गोंडस आहे. मात्र ते उच्चारणारे गृहस्थ बहुधा दर महिन्यास स्वतःचा पगार बिनचूक मोजून घेत असतात.

या देशात समाजकार्याचे रीतसर शिक्षण १९३६ साली मुंबईस सर दोराबजी टाटांच्या नावाने निघालेल्या विद्यालयात सुरू झाले. क्षेत्रकार्य हा या शिक्षणाचा कणा. सामान्यतः आठवड्याचे दोन दिवस विद्यार्थी वस्तीत, रुग्णालयात वा बालगृहात काम करतो. शिवाय काही आठवडे सलग, पूर्ण वेळ. विधवेच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज तो भरून देतो, शाळा सुटलेल्या पोराच्या घरी खेटे घालतो, क्षयरोग्याने औषध अर्ध्यावर टाकू नये म्हणून त्याची समजूत घालतो. हे काम खरे, त्याचा लाभही खरा. पण बसभाडे विद्यार्थ्याचे, जेवण त्याचे, परगावी खोली घ्यावी लागली तर तिचे भाडेही त्याचेच! शिवाय शिकवण्या करून चार पैसे मिळविण्याचे दिवस बुडतात ते निराळेच.

तो शिकतो आहे, मग पैसे कशाचे, असे विचारले जाते. आमचा उलट सवाल आहे : कारखान्यातला शिकाऊ उमेदवार काय करीत असतो? १९६१ च्या कायद्याने त्याला विद्यावेतन देणे बंधनकारक केले. आंतरवासी डॉक्टरलाही विद्यावेतन असते; त्यामुळे रुग्णसेवा बाटली, असे कोणी म्हणत नाही. मग समाजसेवकाच्याच माथी ही निष्कांचन तपश्चर्या का?

सरकारजवळ पैसा नाही म्हणावे, तर तसेही नाही. २०२४ साली केंद्राने मोठ्या कंपन्यांत उमेदवारी करणाऱ्या तरुणांसाठी दरमहा ५,००० रुपयांची योजना काढली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने कार्यप्रशिक्षणासाठी पदवीधरास दरमहा १०,००० रुपये ठरविले. दोन्ही योजनांतून पूर्ण वेळ शिक्षण घेणारा विद्यार्थी वगळला गेला. म्हणजे कंपनीच्या कचेरीत उमेदवारी करणाऱ्यास तिजोरी उघडी आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वस्तीत राबणाऱ्यास बंद!

लहान संस्थांना हा भार पेलणार नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणूनच हा भार संस्थांवर नव्हे, शासनावर पडला पाहिजे. ऑस्ट्रेलियाने हेच केले. तेथे समाजकार्याच्या विद्यार्थ्यास १,००० तासांचे क्षेत्रकार्य करावे लागते. १ जुलै २०२५ पासून तेथील सरकारने गरजू विद्यार्थ्यांना त्या काळापुरते साप्ताहिक वेतन सुरू केले. शिक्षक, परिचारिका व सुईणी होऊ पाहणाऱ्यांच्या पंक्तीला समाजकार्याचे विद्यार्थी बसविले.

आपल्याकडे उलटी गंगा वाहिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्तिधारकांची शुल्कमाफी काढून घेतल्याविरुद्ध मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी येथे विद्यार्थ्यांना संप पुकारावा लागला. हा प्रश्न केवळ खिशाचा नाही. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत आहे, त्याने विनावेतन राबून ही पदवी घ्यावी कशी? तो गळाला की वस्तीचे दुःख अंगावर सोसलेला माणूसच गळाला. उरेल तो खात्यापित्या घरचा, दुःख पुस्तकात वाचलेला.

आमची मागणी मोजकी आहे. क्षेत्रकार्याच्या प्रत्येक दिवसाचा प्रवासखर्च सर्वांना मिळावा. सलग क्षेत्रकार्याच्या काळात शासनाने विद्यावेतन द्यावे. गरिबाघरच्या विद्यार्थ्यांपासून आरंभ करावा. आपल्या गावांतील किती मुले-मुली हे शिक्षण घेण्यासाठी परगावी जातात! त्यांच्या आईबापांनी ही मागणी आपापल्या आमदार-खासदारांच्या दारी न्यावी. मन मानेल तेव्हा केली तर ती सेवा. पदवी अडवून फुकट करवून घेतली तर ती वेठच!