विश्लेषण : छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांना कोडचे ‘मोफत’ घर किती परवडते?

चार-पाच जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीची खरी मालमत्ता म्हणजे तिचा कोड. तो ठेवण्यासाठी ऑनलाइन सेवा निवडताना बहुतेक जण फक्त मासिक शुल्क पाहतात. तेवढ्याने भागत नाही.

मोफत काय मिळते?

गिटहबवर एप्रिल २०२० पासून खासगी रिपॉझिटरीत कितीही सदस्य मोफत घेता येतात. बिटबकेट आणि गिटलॅबच्या मोफत योजनांत खासगी कामासाठी ५ जणांची मर्यादा आहे. सहावा सहकारी आला की शुल्क त्याच्या एकट्याचे नव्हे, सगळ्यांचे लागते.

मग पैसे कशाचे?

शिस्तीचे. गिटहबच्या मोफत योजनेत खासगी रिपॉझिटरीच्या मुख्य शाखेला कुलूप लावता येत नाही. घाईत कुणीही न तपासलेला बदल थेट तिथे ढकलू शकतो. ग्राहकाचे काम त्यामुळे बंद पडले, तर वाचवलेले शुल्क महागात पडते.

सेवा सोडायची वेळ आली तर?

गुगलसारख्या कंपनीनेही ‘गुगल कोड’ २०१६ मध्ये बंद केले. ‘गिट’मुळे कोडचा इतिहास सहसा प्रत्येकाच्या संगणकावर असतो, पण त्रुटींच्या नोंदी आणि बदलांवरील चर्चा सेवेकडेच राहतात. या नोंदी बाहेर काढता येतात का, हे पहिल्याच आठवड्यात करून पाहावे.

सहाव्या माणसाचा खर्च, मुख्य शाखेचे कुलूप आणि बाहेर पडण्याची वाट, या तिन्हींचा हिशेब जिथे जुळतो, तीच सेवा स्वस्त.