दुरुस्ती कोण वाचणार?

26 मे 2020 रोजी केंद्र सरकारने कोविडबाधितांचे संपर्क शोधणाऱ्या ‘आरोग्य सेतू’ अ‍ॅपच्या अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड खुला केला. गिटहबवरच्या ज्या खात्यात तो ठेवला, त्याचे नाव ‘एनआयसी-दिल्ली’; एनआयसी म्हणजे केंद्र सरकारचे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र. त्या दिवशीच्या सरकारी निवेदनात बाहेरच्या प्रोग्रामरांना उद्देशून एक वाक्य होते. कोडविषयीच्या सगळ्या सूचना पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचे प्रस्ताव, तपासून हाताळल्या जातील, असा त्याचा आशय.

सूचना कोणत्या वाटेने पाठवायची, एवढे त्यातून कळते. ती कोण वाचणार, किती दिवसांत वाचणार, नाकारली तर कारण देणार का, हे कळत नाही. त्याच वेळी त्रुटी शोधणाऱ्यांसाठी बक्षिसाची योजनाही जाहीर झाली आणि तिथे मात्र आकडा नेमका होता: एक लाख रुपयांपर्यंत. बक्षिसाची रक्कम ठरवता आली, तर उत्तराची मुदतही ठरवता आली असती.

ही बारीकसारीक तक्रार नव्हे. निवेदनानुसारच तेव्हा 11 कोटींहून अधिक लोक हे अ‍ॅप वापरत होते. त्याच महिन्याच्या सुरुवातीला नोएडा पोलिसांनी, घराबाहेर पडलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये हे अ‍ॅप नसेल तर भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खाली कारवाई होईल, असे बजावले होते. जे अ‍ॅप नसणे हाच गुन्हा ठरू शकत होता, त्यातली चूक दाखवणाऱ्याला आपले म्हणणे कुणाच्या टेबलावर गेले, हे कळायलाच हवे होते.

हा दोष एकट्या सरकारचा नाही. ओपन सोर्स प्रकल्पाचे योगदानाचे नियम लिहायला बसले की बहुतेकांची लेखणी एकाच बाजूला चालते. कोड असा मांडा, चाचण्या जोडा, आधी इश्यू उघडा, कमिटचा मजकूर असा लिहा. सगळी बंधने येणाऱ्यावर. हे नियम लागतातच. त्यांच्याशिवाय दहा जणांचा कोड एकत्र नांदत नाही. पण नव्याने येणाऱ्या मुलीचा किंवा मुलाचा पहिला प्रश्न याहून साधा असतो. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून मी जे काम केले, ते कुणी उघडून तरी बघणार आहे का? बऱ्याच नियमावल्या या प्रश्नापाशी गप्प असतात.

लिनक्स कर्नलची नियमावली इथे गप्प नाही. तिची शिस्त कडक आहे, भाषा रुक्ष आहे. पण त्या कोडसोबतच ‘मेंटेनर्स’ नावाची एक फाइल असते आणि कर्नलचा कोणता भाग कुणाच्या जबाबदारीचा, हे तिच्यात नावानिशी, पत्त्यानिशी लिहिलेले असते. साधारण किती आठवड्यांत अभिप्राय अपेक्षित धरावा आणि आठवण करण्याआधी निदान एक आठवडा थांबावे, हेही पॅच पाठवण्याच्या नियमांत आहे. नवखा माणूस त्या शिस्तीला बिचकेल, पण आपण कुणाकडे पाहायचे हे त्याला पहिल्या दिवशी समजते.

दिल्लीला तर हे परदेशातून शिकण्याचीही गरज नाही. माहितीचा अधिकार कायदा 2005 सालचा. माहिती अधिकारी नेमलेला असावा. उत्तर 30 दिवसांत द्यावे. नकार दिला तर कारण लिहून द्यावे आणि अपील कुणाकडे करायचे तेही सांगावे. नागरिक आणि कार्यालय यांच्यात कागद कसा फिरावा, याची इतकी स्वच्छ मांडणी आपल्याकडे तयार आहे. योगदानाच्या नियमांत ‘अर्ज’ऐवजी ‘पुल रिक्वेस्ट’ लिहिले की निम्मे काम झाले.

आणि या कायद्याखालीच आरोग्य सेतूचा प्रश्न पुढे आला. हे अ‍ॅप कुणी तयार केले, या प्रश्नावर, निर्मितीची माहिती आपल्याकडे नाही, असे एनआयसीने कळवले. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने या टाळाटाळीबद्दल कारणे दाखवा नोटीस काढली. लगेच सरकारने खुलासा केला: अ‍ॅप एनआयसीने उद्योग आणि शिक्षण क्षेत्रांतल्या स्वयंसेवकांसह बनवले आणि संबंधितांची नावे मे महिन्यात कोडबरोबरच जाहीर केली होती. हा खुलासा पूर्ण मान्य केला, तरी त्यातून निघणारे अनुमान गंभीर आहे. कोड जगासाठी खुला होता, नावेही त्याच्यासोबत होती आणि ज्या कार्यालयाच्या नावाचे ते खाते, तिथल्या माहिती अधिकाऱ्यांना याचा पत्ता नव्हता. अशा व्यवस्थेत बाहेरून आलेली दुरुस्ती योग्य माणसापर्यंत पोचेल, हा भरवसा कशाच्या बळावर ठेवायचा? सर्व्हरचा कोड खुला व्हायला नोव्हेंबर उजाडला, पण माझ्या मते त्या उशिरापेक्षा हे अधिक मोठे न्यून आहे.

फावल्या वेळात प्रकल्प चालवणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाकडून 30 दिवसांची हमी मागणे अन्यायाचे होईल. त्याने ‘महिन्यातून एकदा बघतो, सगळ्यांना उत्तर देणे जमणार नाही’ असे खरे लिहिले तरी पुरे. पगारी कर्मचारी असलेल्या सरकारी संस्थेला ही सूट नाही. सरकारी अ‍ॅप्लिकेशनांचा कोड खुला करून लोकांच्या सहकार्याने ती विकसित करण्याचे धोरण केंद्राने 2015 मध्येच जाहीर केले आहे, त्यासाठी ओपनफोर्ज हे सरकारी कोडचे व्यासपीठ उभारले आहे. आता तिथल्या प्रत्येक प्रकल्पाच्या दर्शनी पानावर, कोड कसा लिहावा याच्याही आधी, तीन ओळी याव्यात: सूचना वाचणाऱ्या अधिकाऱ्याचे पद आणि नाव, उत्तराची मुदत, आणि नकाराचे कारण लिहून देण्याची हमी. लोधी रोडच्या सीजीओ संकुलात, एनआयसीच्या मुख्यालयात बसून हे काम एका दुपारी होण्यासारखे आहे. ते करावे.