काचेचे पिंपळपान

येरवड्याच्या एका मावशींनी मागे आम्हाला बाजारात गाठले. "तुम्ही पेपरात लिहिता ना, मग माझ्या पोराला जरा समजावून सांगा," म्हणाल्या. पोरगा दहावीत दोन विषयांत राहिला. घरी बसण्यापेक्षा बरे म्हणून भवानी पेठेतल्या एका काचेच्या दुकानात लावला. आधी फोटोच्या फ्रेमला काच बसवायचा, आता म्हणे रंगीत काचा गोल गोल कापायला शिकतो. "बोटं बघा त्याची! आणि काच फुटली की मालक पगारातून पैसे कापतो. हे असलं कसलं शिक्षण?"

मावशींचा प्रश्न रास्त होता, पण आम्हाला उत्तर सुचेना. काच सरळ कापताना आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. चौदा एप्रिलच्या आधी फ्रेमवाल्याकडे रांगेत उभे राहिलेल्या कोणीही पाहिली असेल. पट्टी ठेवायची, कटर ओढायचा, टक्‌ करून मोडायची. पण काच वळणावर कशी कापतात? काच काही कापड नव्हे की कात्री फिरवली आणि गळा निघाला. आम्ही मावशींना म्हटले, आधी बघून येतो, मग बोलू.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. भिंतीला टेकवलेल्या काचा, एक मोठे टेबल, त्यावर जुने गोणपाट अंथरलेले. मालक सहसा नसतो. काम शिकवतात ते साठीतले एक चाचा. पोरगा त्यांच्या उजव्या हाताला उभा. आम्ही गेलो त्या दिवशी टेबलावर कागदावर काढलेले एक पिंपळपान होते. मावशींच्या वस्तीतल्या विहाराच्या दारावर अर्धगोल झरोका आहे. त्यात रंगीत काच बसवायची असे कमिटीने ठरवले, घरटी वर्गणी काढली, आणि हा बहाद्दर सभेत उठून म्हणाला, "मी करतो." वर्गणीतून हिरव्या काचेचा एकच तुकडा घेणे परवडले. त्यातून फार तर तीन पाने निघतील. दोन फुटली होती.

आता मुळापासून सांगतो. काच कापली जात नाही, ती मोडली जाते. कटरच्या टोकाला पोलादाचे एक इवलेसे चाक असते, ज्वारीच्या दाण्याहून फार मोठे नाही. ते चाक काचेवर दाबून फिरवले की वरच्या वर एक बारीक चीर पडते. पुढे दोन्ही बाजूंनी जोर दिला की ती चीर खाली उतरते आणि काच दुभंगते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली याची उपपत्ती मांडली. काच दिसते तितकी मजबूत का नसते? तर तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात, ताण त्या भेगांच्या टोकाशी साठतो आणि तडा तिथून धावतो. काचकामगार वेगळे काही करत नाही. आपल्याला हवी तिथे तो एक भेग मुद्दाम पाडतो.

सरळ रेघेत हे सोपे आहे, कारण तड्यालाही सरळच जायचे असते. वळणावर मात्र तडा रेघ सोडून आपला जवळचा रस्ता धरतो, आणि पान फुटते ते इथेच.

चाचांनी साध्या काचेच्या कचऱ्यावर आम्हाला सगळे दाखवले. कागदाचा नमुना काचेखाली ठेवायचा. काच आधी स्वच्छ पुसायची, कारण वाळूचा एक कण चाकाखाली आला तरी रेघ तुटते. चाकाला रॉकेलचा किंवा पातळ तेलाचा थेंब. कटर उभा धरायचा, कडेपासून निघायचे आणि समोरच्या कडेपर्यंत न थांबता जायचे. हात मनगटातून वळवायचा नाही. कोपर, खांदा, कंबर, सगळे अंग रेघेबरोबर फिरले पाहिजे. आवाज बारीक 'सर्र' असा एकसारखा यायला हवा. करकर आली तर जोर जास्त झाला, काहीच ऐकू आले नाही तर कमी पडला. आणि एकदा मारलेल्या रेघेवर पुन्हा चाक फिरवायचे नाही, म्हणजे नाहीच! काचही वाया जाते आणि चाकही. आम्ही एकदा प्रयत्न केला. आमची रेघ पाहून पोरगा तोंड फिरवून हसला, तो हसू लपवतो आहे हे आम्हाला कळले.

वळणे दोन जातीची. एक बाहेर फुगलेले, दुसरे आत गेलेले. बाहेर फुगलेले वळण काढायला एक मुख्य रेघ मारतात आणि मग तिला टेकून बाजूला सुटणाऱ्या दोन-तीन रेघा मारतात. कडेची काच एकदम न मोडता, आंब्याच्या कोयीभोवतीच्या फोडी काढाव्यात तशी तुकड्यातुकड्यांनी काढतात. अख्खे वर्तुळ काढायचे तरी असेच. गोल रेघ मारायची, काच पालथी करून रेघेवर अंगठ्याने दाबत दाबत तडा गोलभर फिरवून घ्यायचा, मग गोलापासून बाहेरच्या कडेपर्यंत आडव्या रेघा मारून एकेक तुकडा सोडवायचा.

खरी परीक्षा आत गेलेल्या वळणाची. तिथे पहिली रेघ शेवटच्या आकाराची मारतात, पण मोडत मात्र नाहीत. टाकाऊ भागात, कडेच्या बाजूला, तिच्यासारख्याच आणखी तीन-चार उथळ रेघा मारतात, चंद्रकोरीत चंद्रकोर बसवल्यासारख्या. मग कटरच्या मागच्या गोळ्याने काचेला खालून टकटक करायचे. रेघेखाली रुपेरी झाक धावताना दिसते, ती म्हणजे उतरत चाललेला तडा. कडेजवळची सर्वांत लहान कोर पकडीने काढायची, मग पुढची, मग त्याच्या पुढची. शेवटच्या रेघेपर्यंत पोहोचेतो काढायला थोडीशीच काच उरते आणि तड्याला पळायला जागाच राहत नाही. ज्या तुकड्यात दोन्ही जातींची वळणे असतील त्यात आतले आधी काढावे, कारण तेव्हा हाताला धरायला भोवती काच शिल्लक असते. उरलेले दाते पकडीच्या टोकाने कुरतडायचे आणि कड ओल्या दगडावर घासायची. दगड ओला हवाच, भुकटी नाकात जाता कामा नये.

हे कुरतडणे फार जुने आहे. बाराव्या शतकात युरोपात थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती साधूने रंगीत काचेच्या खिडक्यांची कृती लिहून ठेवली. तेव्हा चाक नव्हते. लाल तापवलेल्या लोखंडाने तडा पाडायचा आणि खाच असलेल्या लोखंडी पट्टीने कड कुरतडत आकारावर आणायची. पुढे हिऱ्याची कणी आली. आपले जुने फ्रेमवाले कटरला 'हिरकणी' म्हणतात ते त्यामुळेच. पोलादी चाकाच्या कटरचे पेटंट अमेरिकेत सॅम्युएल मॉन्स याने १८६९ साली घेतले. त्याच साली मुंबईत राजाबाई टॉवरचे काम सुरू झाले. आम्हाला हा योगायोग गमतीचा वाटला, कारण त्या टॉवरखालच्या वाचनालयात अजूनही रंगीत काचांच्या मोठमोठ्या खिडक्या आहेत.

मग पिंपळपान का फुटत होते? कागदावर ते पान बघा. देठापाशी दोन्ही बाजूंनी खोल खाच, आणि खाली लांब निमुळती शेपटी. शेपटीच्या दोन्ही अंगांना वळण आत गेलेले. म्हणजे आतली वळणे चार, त्यात देठाजवळची दोन जवळजवळ कोपराच करणारी. शर्टाचा खिसा नेहमी कोपऱ्यात फाटतो, कारण ओढ तिथे साठते. काचेचेही तसेच आहे, आतल्या कोपऱ्यातून तडा सुटतो तो थेट पानाच्या पोटात जातो. पहिले पान असे खाचेत गेले. दुसरे शेपटीपर्यंत नीट आले आणि शेपटी उचलताना तुटली. पोरगा दोन दिवस जेवला नाही, असे चाचांनी आम्हाला हळूच सांगितले. वस्तीच्या वर्गणीचे पैसे होते ते.

चाचांनी त्याला रागावले नाही. म्हणाले, "जा, लष्करातल्या चर्चच्या खिडक्या बघून ये. चित्र नको बघू, काळ्या रेघा बघ."

आम्हीही त्याच्याबरोबर गेलो. लष्करातले सेंट मेरी चर्च १८२५ सालचे. परवानगी विचारून आत उभे राहिलो. अशा खिडकीतल्या काळ्या रेघा म्हणजे शिशाच्या पट्ट्या. पट्टीला दोन्ही बाजूंनी खाच असते, तिच्यात दोन्हीकडून काचा बसवतात आणि सांध्यावर डाख देतात. पोरगा पंधरा मिनिटे काही बोलला नाही. मग म्हणाला, "काच जिथं फुटणार, तिथं त्यांनी आधीच शिसं टाकलंय." अगदी बरोबर! माणसाच्या मानेभोवती, बाहीच्या घडीत, हाताच्या कडेला रेघ जाते. खोल खाच एका तुकड्यात कोरत बसत नाहीत, तिथून रेघ काढून दोन तुकडे करतात. आम्ही इतकी वर्षे त्या रेघांना चित्राची बाह्यरेषा समजत होतो.

परत आल्यावर त्याने पान नव्याने काढले. मधली शीर म्हणजे शिशाची पट्टी, त्यामुळे पानाचे उभे दोन भाग झाले. देठाची खाच त्या दोन भागांत वाटली गेली आणि कोपरा नाहीसा झाला. प्रत्येक अर्ध्या पानाला बाहेरून एक फुगीर वळण आणि खाली एक हलके आतले वळण उरले. आणि शेपटी? ती काचेची ठेवलीच नाही. दोन भाग जिथे संपतात तिथून मधली शिशाची पट्टीच निमुळती करून पुढे नेली. पिंपळपानाची शेपटी तशीही शिरेसारखीच दिसते. कार्ल्याच्या चैत्यातली कमान ज्यांनी दगडात वळवली त्यांना हे पान पसंत पडले असते असे आमचे मत आहे. मत आमचे, दोष आमच्या माथी.

शेवटच्या हिरव्या तुकड्यावर त्याने कटर ठेवला तेव्हा आम्ही दाराबाहेर जाऊन उभे राहिलो. बघवेना. आतून 'सर्र' ऐकू आले, मग टकटक, मग बराच वेळ काही नाही. मग चाचा म्हणाले, "आ जाओ अंदर."

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ.

पगार कापण्याबद्दल आम्ही मालकाशी बोललो. कामगाराच्या निष्काळजीपणाने माल खराब झाला तरच मजुरीतून नुकसान वसूल करता येते, आणि तेही त्याला आपली बाजू मांडायची संधी दिल्यावर. हा नियम १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होता आणि नव्या वेतन संहितेतही आहे. शिकताना फुटलेली काच म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. चाचांच्या हातूनही फुटतात, त्यांचा पगार कोणी कापत नाही. मालकाने हो-ना केले. पुढच्या पगाराचा हिशेब मावशींनी लिहून घ्यावा आणि आम्हाला दाखवावा.

धंद्याचे भवितव्य काय? गोड बोलून फसवणार नाही. काचेच्या टेबलाची गोलाई आज पाण्याच्या प्रचंड दाबाच्या फवाऱ्याने यंत्र कापते, संगणकात आकार भरला की झाले. इमारतींना लागणारी टणक केलेली काच तर हाताने कापताच येत नाही, कटर लावला की तिचा चुरा होतो. म्हणून वळण कापता येते एवढ्यावर संसार चालेल असे नाही. पण जुन्या खिडकीतला एक फुटका तुकडा बदलायला, त्याच मापाचा दुसरा बसवायला माणसाचाच हात लागतो. राजाबाई टॉवरच्या वाचनालयातल्या काचांच्या दुरुस्तीचे काम मुंबईच्या स्वाती चांदगडकर यांनी केले, तो टॉवर २०१५ साली दुरुस्त होऊन पुन्हा खुला झाला. एक बाई हे काम करते हे ऐकून मावशी गप्पच झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग माझी पोरगी पण शिकेल की." मुलीचा हात शिवणात चांगला आहे, ब्लाउजचा गळा ती नमुन्याशिवाय कापते. चाचांना विचारायचे ठरले आहे.

दहावीचे दोन विषय मात्र सोडवायचेच, यावर आम्ही आणि चाचा दोघेही ठाम. त्यात एक विषय गणित आहे. खिडकीचा अर्धगोल काढताना त्रिज्या कुठून धरायची हे पोराला आता बरोबर कळते, मग पुस्तकातल्या वर्तुळाला घाबरायचे कारण नाही.

आणि मावशी, एक गोष्ट तुमच्या हातातली. शिसे हे विष आहे, ते हातावरून तोंडात जाते आणि लहान मुलांना सर्वांत जास्त बाधते. तेव्हा त्याने टेबलावर डबा उघडू नये, साबणाने हात धुतल्याशिवाय घास घेऊ नये, आणि कामाचा शर्ट घरी भाचरांच्या कपड्यांत भिजवू नये. कुरतडताना कपची डोळ्यात उडते, म्हणून चष्मा घालायला लावा. टेबल हाताने कधी झाडू नये, कुंचल्याने झाडावे. बोटांवरच्या जखमा पुष्कळशा झाडतानाच्या आहेत, कापतानाच्या नव्हेत, हे त्याने स्वतः आमच्याजवळ कबूल केले.

पानाचे दोन्ही अर्धे भाग सध्या वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवले आहेत. भोवतीच्या पिवळ्या काचेचे अकरा तुकडे कापायचे बाकी आहेत, त्यातल्या चारांना आतली वळणे आहेत. पिवळी काच मात्र त्याने दोन तुकडे जास्तीची मागवली आहे.