हक्कसोडपत्रावरची सही

आपल्या वडखळवरून दक्षिणेला जाणारा महामार्ग महाडला पोहोचतो. तेथे डिसेंबर 1927 मध्ये बॅरिस्टर असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. पुढे ते कायदेमंत्री झाले. मुलीला मिळकतीत वाटा देणारे त्यांचे हिंदू कोड बिल रखडले आणि मुख्यतः त्यामुळेच 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडले. मुलाइतका वाटा मुलीच्या पदरात पडायला 2005 ची दुरुस्ती उजाडावी लागली.

आणि आपण काय करतो? जमिनीला भाव आला की बहिणीला माहेरी बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतो. माहेर तुटू नये म्हणून ती बिचारी करतेही. याला मी भावाबहिणीचे प्रेम म्हणणार नाही. साडीचोळीवर बहिणीचा हक्क सोडवून घेणाऱ्याने जयंतीला बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.