कोटणीसांची तसबीर आणि प्रमाणपत्रांचा बाजार

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून पाच भारतीय डॉक्टरांचे पथक जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे निघाले. त्यांपैकी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी रणभूमीवरील सेवेतच निवर्तले. त्यांची कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. त्याच पथकातील कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू मात्र मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचित राहिले. ॲक्युपंक्चरच्या शिक्षणाच्या नावाने आज देशभर जी दुकानदारी चालली आहे, तिचा समाचार घ्यायचा तर आधी बसूंचे कार्य समजून घेतले पाहिजे.

येनानहून परतलेले बसू १९५० च्या दशकात पुन्हा चीनमध्ये गेले, सूचिचिकित्सा शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात तिचा उपयोग करू लागले. ते आधुनिक वैद्यकाचे पदवीधर होते; गूढविद्येची दीक्षा घ्यायला गेले नव्हते. नव्या चीनमध्येही त्या काळी हाच आग्रह होता. मुक्त प्रदेशात काम केलेल्या झू ल्येन या डॉक्टर महिलेने १९५१ मध्ये लिहिलेला ग्रंथ सुईचा परिणाम मज्जासंस्थेच्या आधारे समजावू पाहत होता. पुढे १९६२ च्या सीमायुद्धात ‘चिनी’ हा शब्द शिवी बनला. चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार निरपराध रहिवाशांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. अशा विषारी वातावरणानंतरही ही विद्या कोलकात्यात टिकली. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडी सरकारने तिच्यासाठी कायदा केला, आणि बसूंच्या नावाची संशोधन व प्रशिक्षण संस्था तेथे सरकारी आहे. कोटणीसांच्या महाराष्ट्राच्या कायद्याच्या नावात साल आहे २०१५!

केंद्र सरकारने २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. मान्यतेचा कागद फुकट असतो. रुग्णालय, शिक्षक आणि विद्यावेतन यांना पैसा लागतो. शासनाने कागद दिला आणि पैशाची जागा बाजाराला मोकळी करून दिली. चार शनिवार-रविवारांत ‘चिकित्सक’ घडविणारे वर्ग त्याच मोकळ्या जागेत उगवतात. तेथे फी आगाऊ घेतली जाते आणि भिंतीवर कोटणीसांची तसबीर असते.

सुई टोचणे अवघड नाही. कोठे आणि किती खोल टोचू नये हे कळणे अवघड आहे. मान आणि खांदा यांच्या मधल्या भागात नेहमी वापरला जाणारा एक बिंदू आहे. त्याच्या खालीच फुप्फुसाचे टोक असते. सुई बोटभर अधिक गेली तर छातीच्या पोकळीत हवा शिरते आणि फुप्फुस मिटते. निर्जंतुक न केलेल्या सुईने काविळीचा विषाणू एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो. डोकेदुखी घेऊन आलेल्याच्या मेंदूत गाठ तर नाही ना, ही शंका यायला रुग्णशय्येशेजारी घालवलेली वर्षे लागतात. शरीररचनेचे रंगीत तक्ते लावून हे ज्ञान येत नाही.

दुसरीकडे साऱ्या सूचिचिकित्सेला भोंदूगिरी ठरवून हात झटकणारी मंडळी आहेत. त्यांनी आणि गूढवाद्यांनीही २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली जर्मनीतील कंबरदुखीची चाचणी पाहावी. ११६२ रुग्णांपैकी शास्त्रोक्त सुईने सुमारे ४८ टक्के, बनावट बिंदूंवर वरवर टोचलेल्या सुईने ४४ टक्के आणि नेहमीच्या औषधोपचार-व्यायामाने अवघे २७ टक्के सुधारले. म्हणजे दुखण्यात उतार पडतो खरा, पण प्राचीन नकाशातील बिंदूला त्याचे श्रेय क्वचितच देता येते. ही गोष्ट विद्यार्थ्यापासून लपविणारा शिक्षक नव्हे, पुरोहित होय. आणि २७ चा आकडा गिळून टाकणारा डॉक्टरही विज्ञानाचा कैवारी ठरत नाही.

या वादात भरडली जाते ती कष्टकरी जनता. सोलापूरची विडी कामगार स्त्री दिवसभर वाकून पाने वळते. तिची मान आणि कंबर ही तिच्या मजुरीचीच दुसरी बाजू आहे. उपचाराला जाणे म्हणजे दिवसाचा रोज बुडवणे. अपुऱ्या शिक्षणाच्या हाती पडून तिचा रोजही गेला आणि दुखणेही राहिले, तर दाद मागायची कोणाकडे? अर्थात, सरकारी दवाखान्यातील डॉक्टर, औषधे आणि खाटा काढून घेऊन त्यांच्या जागी स्वस्त सुई ठेवण्याचा डावही तितक्याच कठोरपणे हाणून पाडला पाहिजे. गरिबाला सुई आणि श्रीमंताला शस्त्रक्रियागृह, ही वाटणी बसूंनी कधी मागितली नव्हती.

म्हणून प्रशिक्षण सरकारी रुग्णालयांना जोडलेले हवे, विद्यावेतनासह हवे, आणि नोंदणीपुस्तक जनतेला उघडे हवे. तोपर्यंत कोटणीसांच्या तसबिरीखाली प्रमाणपत्र वाटणाऱ्या प्रत्येकाला युनियनच्या सभासदांनी तेथेच विचारावे: हा हात कोणत्या रुग्णालयात, किती रुग्णांवर आणि कोणाच्या देखरेखीखाली तयार झाला?