पोटाला आसूड नको, वैरण हवी

पोट साफ न होणे हा चारचौघांत बोलण्याचा विषय नव्हे, असे समजून आपण तो झाकून ठेवतो. डॉक्टरांपुढेही तोंड उघडत नाही. मात्र दुकानातून जुलाबाचे चूर्ण गुपचूप आणतो आणि रोज रात्री चमचाभर घेत राहतो. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार?’ अशी मनाची समजूत घालतो. ही समजूत चुकीची आहे आणि ही सवय मोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात रोज एकदा शौचास झालेच पाहिजे, असा काही नियम नाही. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत कितीही वेळा झाले, तरी मल मऊ असेल व कुंथावे लागत नसेल, तर काळजीचे कारण नाही. खडे होतात, जोर करावा लागतो, पोट मोकळे झाल्यासारखे वाटत नाही, तेव्हा त्याला बद्धकोष्ठ म्हणावे.

बाजारातील पुष्कळशा चूर्णांत सोनामुखी असते. ती मोठ्या आतड्याला डिवचते व सहा ते बारा तासांत पोट साफ करते. एरंडेलाचे कामही डिवचण्याचेच, फक्त अधिक लवकर. जोराचा जुलाब झाला की आतडे पार रिकामे होते आणि ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात माणूस घाबरतो, पुन्हा चमचा घेतो आणि हे रहाट सुरूच राहते. जुलाबांवाटे शरीरातील पाणी व क्षार निघून जातात. चैत्रातल्या उन्हात गव्हाच्या कापणीला उभ्या असलेल्या माणसाला हे परवडणारे नाही. क्वचित, डॉक्टरांच्या सल्ल्याने ही औषधे जरूर घ्यावीत. पण थकलेल्या बैलाला रोज आसूड मारणारा शेतकरी शहाणा नव्हे. आधी त्याच्या गव्हाणीत वैरण आहे की नाही ते पाहावे.

पोटाची वैरण म्हणजे कोंडा, भाजीचा चोथा, फळांचा गर. डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यवैद्य अनेक वर्षे युगांडात काम करीत होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की भरड अन्न खाणाऱ्या आफ्रिकी खेडुतांचा मल विलायती माणसांच्या मलापेक्षा वजनाने कितीतरी जास्त असतो आणि तो निम्म्याहून कमी वेळात बाहेर पडतो. आपल्याकडे पाहा. सीहोरच्या शरबती गव्हाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्याच गव्हाचे पीठ बारीक चाळून कोंडा आपण गुरांपुढे टाकतो, आणि सकाळी मैद्याच्या जिलबीबरोबर पोहे खातो. मोठ्या माणसाच्या आहारात दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. न चाळलेल्या पिठाची पोळी, ज्वारीची भाकरी, हरभरा, मेथी, पेरू, पपई यांतून तो घरच्या घरी मिळतो. मात्र चोथा हळूहळू वाढवावा, एकदम वाढवल्यास पोट फुगते.

एवढ्याने भागले नाही तर इसबगोल घ्यावा. हे पीक आपल्याच राज्यात, माळव्यातील मंदसौर-नीमच भागात रब्बीला होते. काढणीच्या वेळी पाऊस आला की दाणे गळून पडतात आणि हातातोंडाशी आलेले पीक मातीत जाते. इतक्या जोखमीने पिकवलेला हा माल मोठ्या प्रमाणावर परदेशी जातो. इसबगोलाची भुशी आतड्याला डिवचत नाही. ती पाणी शोषून फुगते व मल मऊ करते. एक-दोन चमचे भुशी पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावी आणि वर आणखी पाणी प्यावे. ती कोरडी कधीही खाऊ नये, घशात अडकते. गिळायला त्रास होणाऱ्यांनी ती घेऊच नये. इतर औषधे दोन तासांच्या अंतराने घ्यावीत. गुण यायला एक ते तीन दिवस लागतात, तेव्हा धीर धरावा.

आता घरातील पुरुषांना एक सांगणे आहे. शेतावर आडोसा नाही म्हणून आपल्या बायका-मुली दिवसभर पाणी पीत नाहीत व शौचाची भावना दाबून ठेवतात. त्यांच्या बद्धकोष्ठाचे औषध कोणत्याच बाटलीत नाही. ते औषध म्हणजे बांधाजवळ चार बांबू व तरट लावून केलेला आडोसा आणि पाण्याची घागर. गरोदर स्त्रियांना रक्तवाढीच्या लोहगोळ्यांनीही मल कठीण होतो. त्यांनी गोळ्या बंद करू नयेत आणि स्वतःच्या मनाने एरंडेल वा सोनामुखीही घेऊ नये. नर्सबाईंना सांगावे.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. पोटात जोराची कळ आहे, उलट्या होत आहेत, पोट फुगले आहे, वाराही सरत नाही, अशा वेळी मुलाला वा मोठ्याला जुलाब मुळीच देऊ नये. आतडे अडकलेले असेल किंवा आंत्रपुच्छ सुजलेले असेल, तर तो जुलाब जिवावर बेतू शकतो. तडक इस्पितळ गाठावे. मलातून रक्त जाणे, वजन घटणे, पन्नाशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलणे, यांतले काहीही आढळल्यास लाज बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी. लाजेपायी उशीर झालेले दुखणे बरे करणे फार कठीण जाते.

चूर्णाची बाटली फडताळात मागे सरकवा, पिठाची चाळणी खुंटीला टांगा आणि पाण्याची घागर शेतावर न्या, एवढेच आमचे मागणे आहे.